नेवासकर सरांचं खडूचं रिंगण

नेवासकर सरांनी माझ्या हातावर पट्टी मारली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि तुमचा बाबा बारावीत होता. लाकडी फूटपट्टी होती, एका कडेची पत्र्याची पट्टी सुटून बाहेर आलेली. ती बोटांच्या सांध्यांवर बसली. मी ओरडले नाही, कारण शेजारच्या बाकावर माझ्याच कॉलेजातल्या मुली बसल्या होत्या. सरांनी मग वर पाहिलं आणि चष्मा सारखा केला. "अरे, मॅडम, तुम्ही होता का! मी हात बघतो, तोंड बघत नाही. पण आय वाढवायचा विसरलात तुम्ही. आता ही फेरी कयामतपर्यंत चालू राहील."

अनया, निषाद, परवा तुम्ही दोघांनी पाठवलेला फोटो मी पाहिला. पडद्यावर ताऱ्यांचा त्रिकोण, पहिल्या ओळीत एक तारा, दुसरीत दोन, असा खाली रुंदावत गेलेला. सी ही कम्प्यूटरची भाषा शिकताना सगळ्यांना हाच अभ्यास देतात वाटतं, आम्हालाही दिला होता. खाली तुम्ही लिहिलंत, "आजी, लूप म्हणजे काय ते तुला समजावून सांगू का?" मला माहीत आहे. मी ते ज्यांच्याकडे शिकले त्यांच्याविषयी लिहिते आहे. यात मारहाण पुष्कळ आहे. तुमच्या आईला ते आवडणार नाही, पण मारहाण वगळून नेवासकर सर सांगता येत नाहीत.

त्या काळात इंदूरच्या कापडाच्या मिल एकामागून एक बंद होत होत्या. रस्त्यावर मात्र नव्या बाटलीबंद पेयांचे फलक लागत होते, टेलिफोनचे पिवळे बूथ उघडत होते आणि कॉलेजांमध्ये एकच घोष होता, कम्प्यूटर आणा. आमच्या प्राचार्यांनी ते आणले आणि ते कुणाला तरी आले पाहिजेत म्हणून मला शिकायला पाठवलं. मी नीटनेटकी आहे, हे एवढंच कारण त्यांनी दिलं. राजेंद्र नगरहून लूनावर बसून मी मिल एरियात जायची. तिथल्या रिकाम्या माणसांचे घोळके कोपऱ्याकोपऱ्यावर उभे असत. रोज कुठेतरी डोकं फुटलेलं असायचं. कधी दारूवरून, कधी युनियनवरून, कधी नुसतं कुणी कुणाकडे पाहिलं म्हणून. पानवाल्याच्या ठेल्यासमोर मी एकदा सुरा बाहेर निघालेला पाहिला आणि लूना तशीच पुढे नेली.

सरांचा क्लास एका आटा चक्कीच्या वर होता. चक्की सुरू झाली की जमीन थरथरायची आणि पायाच्या तळव्यांना ते कळायचं, कारण आम्ही अनवाणी असायचो. धुळीने मशीन बिघडते म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या हा तिथला कडक नियम होता. आत चार कम्प्यूटर, एक कूलर आणि भिंतीवर सरांच्या टेबलामागे विजेचा मोठा मेन स्विच. कम्प्यूटरला हात लावायला मिळायचा तो फार उशिरा. आधी रिंगण.

सर खडूने जमिनीवर मोठं वर्तुळ काढत. त्याला एकच दार ठेवत. दाराशी एक विद्यार्थी उभा राही, तो म्हणजे अट. दुसऱ्याच्या गळ्यात पाटी, तो म्हणजे आय. पाटीवर एक लिहायचं, अटीने दाराशी विचारायचं, "पाचपेक्षा मोठा आहेस का?" नाही म्हटलं की आत जायचं, वर्तुळात फिरून यायचं, मोठ्याने "तारा" म्हणायचं, पाटी पुसून आकडा एकाने वाढवायचा आणि परत दाराशी यायचं. आकडा सहा झाला की फेरी, म्हणजे तुमचा लूप, संपली. साडी सावरत, गळ्यात पाटी अडकवून, "तारा, तारा" म्हणत मी फिरले आहे. जो पाटी पुसायला विसरेल त्याला पट्टी. जो अटीला चुकीचं उत्तर देईल त्यालाही. एका धष्टपुष्ट मुलाने पाटीवरचा आकडा वाढवला नाही म्हणून सरांनी त्याला खरोखरच फिरवत ठेवलं. तो घामाघूम होऊन मटकन खाली बसला तेव्हा सरांनी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "बसलास कसा? कुणी सांगितलं थांबायला? मशीनला पाय दुखत नाहीत, भिया!"

"आत शिरायला सगळ्यांना येतं," असं ते रोज म्हणत. "बाहेर कसे पडणार, ते आधी बोला."

मला त्यांची मारण्याची सवय मुळीच पसंत नव्हती आणि मी ते त्यांना सरळ सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढून गळ्याखालचं हाड दाखवलं. ते वाकडं जुळलं होतं, कातडीखाली गाठ आल्यासारखं.

अच्युत नेवासकर पूर्वी एका मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत होते. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते म्हणे, वडील शाळामास्तर, आणि हे मिलचे बाबू. मालकांनी पगाराच्या कामासाठी एक कम्प्यूटर आणला आणि नेवासकरांना शिकायला मुंबईला धाडलं. पुढे कामावरून कमी करायच्या लोकांची नावं त्याच मशीनवर छापली गेली आणि फाटकावर लागली. नावं मालकांनी ठरवली होती, छापणारे हात नेवासकरांचे. फाटकाला कुलूप पडलं त्या सकाळी ते सायकलवरून येत होते. तोंडावर गमछे बांधलेल्या माणसांनी त्यांना खाली ओढलं. बरगड्या मोडल्या, हे हाड मोडलं. कडांना भोकं असलेला प्रिंटरचा लांबच लांब कागद कुणीतरी ऑफिसातून आणला आणि त्यांच्या तोंडात कोंबत राहिला. "ले, खा! आमची रोटी खाल्ली ना तुझ्या मशीनने, आता तू मशीन खा!"

"चेहरे दिसलेच नाहीत मॅडम," सर बटण लावत म्हणाले. "हात दिसले. विणकराचे हात मी कुठेही ओळखतो. त्या दिवसापासून मी माणसाचे हातच बघतो."

त्यांच्या टेबलाखाली एक लोखंडी दांडा असायचा. मिलचे लूम, म्हणजे माग, भंगारात निघाले तेव्हा त्यांनी तो उचलून आणला होता. "परत आले तर रिकामा नाही सापडणार मी," असं म्हणून ते पायाने तो चाचपून बघत, आपण स्कूटरची किल्ली खिशात आहे का ते बघतो तसं.

अशा माणसाच्या क्लासमध्ये मी सरोजला घेऊन गेले. सरोज सोनवणे माझ्या वर्गात बी. ए.ला होती. तिचे वडील नामदेव सोनवणे बंद पडलेल्या मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे लूम बिघडले की दुरुस्त करणारे. त्यांचं घराणं खानदेशातून मिलसाठी इंदूरला आलेलं. आता घरात कमावणारं कुणी नव्हतं. इंदूरजवळ पीथमपूरला नवे कारखाने निघत होते आणि तिथल्या ऑफिसांत कम्प्यूटर येणाऱ्या मुलींना घेत होते. सरोजला ती नोकरी हवी होती. दुसरं काही ती बोलतच नसे.

"मिलवाल्यांची पोर नको," सर म्हणाले.

"मिल कुठे राहिली आहे सर?" सरोज म्हणाली. "मी फक्त पोर आहे."

सरांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि पाटी तिच्या गळ्यात अडकवली. पहिल्याच दिवशी तिने दोन पट्ट्या खाल्ल्या.

घरी तिने सांगितलं होतं की ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला जाते. कम्प्यूटर हा शब्द सोनवण्यांच्या घरात शिवीसारखा होता. नामदेव तसा शांत माणूस, पण मिल गेल्यापासून त्यांचा हात सुटू लागला होता. त्यांचा धाकटा भाऊ गणपत तर दिवसभर कोपऱ्यावर बसून कुणाला फोडायचं तेच ठरवत असे. कुणीतरी चौकात नामदेवांना टोमणा मारला, "पहलवान, तुम्हारी छोरी तो उसी नेवासकर के डब्बे पे उंगलियाँ नचा रही है." त्या संध्याकाळी सरोजने मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली तेव्हा तिच्या गालावर बोटं उमटलेली होती आणि मनगट सुजलं होतं.

"तू आज घरी राहायचं होतंस," मी म्हटलं.

"घरी राहिले तर रोजच मार आहे, मॅडम. इथे निदान चुकलं तरच मिळतो."

सरांनी तिचं मनगट पाहिलं. त्या दिवशी त्यांनी तिला रिंगणात उभं न करता थेट कम्प्यूटरपुढे बसवलं आणि ताऱ्यांचा त्रिकोण करायला दिला, तुमचाच तो. यात एका फेरीच्या पोटात दुसरी फेरी असते. बाहेरची फेरी ओळी मोजते, आतली त्या ओळीतले तारे.

दुपारची वेळ होती, खाली चक्की सुरू होती. दारात नामदेव येऊन उभे राहिले. मी दाराजवळच्या बाकावर होते म्हणून मला दिसलं की त्यांनी उंबऱ्याबाहेर वाकून चपला काढल्या आणि इतरांच्या चपलांच्या रांगेत नीट लावल्या. मोडतोड करायला आलेला माणूस चपला काढत नाही. पण सरांनी पायांकडे पाहिलं नाही. त्यांनी हात पाहिले, मोठे, राकट, नखांत काळं तेल कायमचं मुरलेलं. सरांचा हात टेबलाखाली गेला.

"माझी पोरगी कुठे आहे?" नामदेवांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "काय करून राहिली ती, ते एकदा बघू द्या."

आणि नेमक्या त्याच वेळी सरोजचा त्रिकोण बिघडला. आतल्या फेरीतला आकडा ती वाढवायला विसरली होती. पडदा ताऱ्यांनी भरला, वर सरकला, पुन्हा भरला, थांबेचना. वडिलांचा आवाज ऐकून ती घाबरली होती, तिने दिसेल ती कळ दाबायला सुरुवात केली. कळा फार दाबल्या गेल्या की त्या काळचे कम्प्यूटर किंचाळायचे. तोही किंचाळू लागला. ती दोन्ही हातांनी कळफलक बडवत होती आणि मशीन ओरडत होती.

तुम्ही हे वाचून हसाल. नामदेवांनी काय पाहिलं ते समजून घ्या. धुनाईच्या, म्हणजे कापूस पिंजायच्या मशीनमध्ये एका साथीदाराचा हात खांद्यापर्यंत ओढला गेलेला त्यांनी पाहिला होता. मशीन ओरडत होती, तो ओरडत होता, आणि मेन बंद करायला कुणी वेळेवर पोचलं नव्हतं. आता सुटलेली मशीन समोर होती आणि तिच्यावर त्यांच्या मुलीचे हात होते.

"हात काढ! सरोज, हात काढ! पागल झाली ती मशीन!" असं ओरडत त्यांनी झेप घेतली. मुलीकडे नाही, मेन स्विचकडे. मिलमध्ये माणसाला ओढत बसत नाहीत, आधी मेन पाडतात. पण मेन होता सरांच्या टेबलामागे. मिलचा एक विणकर ओरडत आपल्या अंगावर येतो आहे, एवढंच सरांना दिसलं.

दांडा खाली आला. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. तो डाव्या भुवईच्या वर बसला. नामदेव गुडघ्यांवर कोसळले. सरांनी दुसऱ्यांदा मारलं, खांद्यावर. तिसऱ्यांदा दांडा उचलला तेव्हा मी त्यांच्या शर्टाला मागून लटकले आणि तो शर्ट फाटून माझ्या हातात आला. रक्त कळफलकावर उडालं होतं, पाटीवर उडालं होतं, खडूच्या रिंगणात पसरत होतं. पडद्यावर तारे पळतच होते. नामदेव भिंतीला धरून उठले. एक डोळा रक्ताने बंद झालेला. सर दांडा उगारून उभे होते, आणि त्यांच्याकडे न बघता या माणसाने हात वर करून मेन खाली ओढला.

किंचाळणं थांबलं. पडदे काळे झाले, कूलर बंद पडला. "निघाला ना हात?" त्यांनी विचारलं, आणि मग ते आडवे झाले.

धुनाईच्या मशीनचं ते सगळं सरोजने मला टेंपोत सांगितलं, वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन, मोठ्या दवाखान्याकडे जाताना. सर समोरच्या सीटवर फाटक्या शर्टात बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. "मेन बंद करत होता तो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी सरोज ओरडली, "बस करा ना आता!"

पोलीस आले तेव्हा नामदेव शुद्धीवर होते. सर पुढे झाले, "मी मारलं. लिहा." हवालदाराने नामदेवांना विचारलं. नामदेव म्हणाले, "मशीनवर पडलो, साब."

मिलवाल्यांची ती रीतच होती. आपसातली मारामारी ठाण्यात न्यायची नाही. दवाखान्यात विचारलं की मशीनवर पडलो म्हणायचं. ज्याचा मार त्याने परत करायचा, आज नाहीतर उद्या, पण पोलिसांना मधे घ्यायचं नाही. हवालदाराने वही मिटली. सर मात्र कॉटच्या दांडीला धरून नामदेवांवर वाकले.

"खोटं का बोलतोस? मी मारलंय तुला. तीनदा मारणार होतो!"

"माहीत आहे मला, साहेब," नामदेव पट्टीखालून म्हणाले. "ते माझं-तुमचं आहे. माझं मी बघीन."

याचा अर्थ इंदूरमध्ये लहान मुलालाही कळला असता. नामदेव दवाखान्यात होते तोवर गणपतने क्लासच्या नावाची पाटी उतरवून चौकात जाळली. खिडकीतून दगड आले. चक्कीवाल्याने सरांना जागा सोडा म्हणून विनवलं. मीही म्हटलं, थोडे दिवस बंद ठेवा. "ती पोरगी परीक्षेला बसायची आहे," सर म्हणाले. "बंद कसं ठेवू?" पीथमपूरच्या एका कारखान्याची चाचणी जवळ आली होती आणि तिच्यात हेच विचारत, फेरी लिहून दाखवा. सरोज येत होती. गल्लीतून शिव्या खात, दुपट्ट्याने तोंड झाकून, पण येत होती. सर तिला एक शब्दही बोलत नसत, नुसते बोटाने चूक दाखवत. तो दांडा त्यांनी टेबलाखालून काढून टेबलावर ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. मी विचारलं, का? "ज्याला लागेल त्याने उचलावा," ते म्हणाले. ते काय म्हणताहेत हे मला तेव्हा कळलं नाही.

मग तो दिवस आला. जिन्यावर पुष्कळ पावलं वाजली आणि खोलीत रॉकेलचा वास शिरला. गणपत पुढे होता, हातात डबा, मागे मिलची माणसं जिन्यापर्यंत भरलेली. आम्ही सगळे मागच्या भिंतीला चिकटलो. "चलो, बाहर निकलो सब," गणपत म्हणाला. "आज या दुकानाची होळी आहे." त्याने पहिल्या कम्प्यूटरवर डबा कलंडवला. मुली रडू लागल्या. सर टेबलामागून उठले नाहीत.

"थांब," जिन्यावरून आवाज आला. माणसं बाजूला झाली. नामदेव वर येत होते, डोक्याला पट्टी, डावी पापणी अर्धवट मिटलेली, एक हात भिंतीवर. या वेळी त्यांनी चपला काढल्या नाहीत.

गणपतने टेबलावरचा दांडा उचलून त्यांच्या हातात दिला. "दादा, मार. याच्यानेच मार. मग आम्ही आहोतच."

सर उभे राहिले. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतले. सरोज म्हणाली, "आबा..." कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. नामदेवांनी दांडा तोलून पाहिला. मला वाटलं, आता हा माणूस मरणार आणि मी ते बघणार. मला डोळे मिटता येईनात.

नामदेवांनी दांडा खाली टाकला आणि उघड्या हाताने सरांच्या कानाखाली मारली. तो हात उभा जन्म लोखंड फिरवत आला होता. सर बाकावर आदळले, बाकासकट खाली गेले. कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर आली. ते उठले, पुन्हा हात मागे घेऊन उभे राहिले. त्यांना वाटत होतं अजून आहे.

"बस," नामदेव म्हणाले. "माझा मार होता, मी मारला. झालं."

"काय झालं?" गणपत ओरडला. "दादा, तुझा डोळा गेला! एका झापडीत झालं?"

"माझा डोळा आहे. किती ते मी ठरवीन." ते गणपतकडे वळले. "आता यांना जो हात लावेल तो मला लावेल. डबा उचल. घरी चल."

गणपतने काडेपेटी काढली होती. नामदेवांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. दोघे भाऊ छातीला छाती लावून उभे राहिले. मग मागचा कुणीतरी पायऱ्या उतरू लागला, मग दुसरा. गणपतने जाता जाता बाकाला लाथ घातली, एवढंच.

खोलीत रॉकेलचा वास आणि दोन घायाळ पुरुष उरले. सरोज भिंतीपासून निघून सरळ तिसऱ्या कम्प्यूटरपाशी आली. तिथे दोघेही तिच्या वाटेत उभे होते.

"तुमचं दोघांचं मारून झालं असेल तर सरका," ती म्हणाली. "मला बसायचंय."

दोघे सरकले.

सरांनी त्यानंतर कधीच कुणावर हात उचलला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. महिन्याभराने एका मुलाने अटीचं चिन्ह उलटं टाकलं तेव्हा पट्टी वर गेली. मग सरांनी ती शर्टाच्या कॉलरमधून पाठीत घातली आणि खाजवली. तसं ते पुढे नेहमीच करू लागले. किती राग आला आहे ते किती वेळ खाजवतात यावरून आम्हाला कळे. शिव्या मात्र देत राहिले.

त्यांचा डावा कान गेला. पडदा फाटला होता, पुन्हा त्या बाजूने त्यांना काहीही ऐकू आलं नाही. वर्गात आम्ही उजवीकडे जाऊन बोलायला शिकलो. डॉक्टरांकडून आले त्याच दिवशी त्यांनी मला आणि सरोजला समोर उभं केलं. "हे नामदेवला कळता कामा नये."

"का?" सरोजने विचारलं. तिच्या आवाजात थोडा राग होता. तिच्या वडिलांच्या डोळ्याचं सगळ्या गावाला माहीत होतं.

"त्याने एकच मारायची ठरवली होती," सर म्हणाले. "किती लागली ते कळलं तर तो पुन्हा मोजायला बसेल. त्याला संपवू दे."

सरोज चाचणीत पास झाली आणि पीथमपूरच्या बसने जाऊ लागली. नामदेवांचा डोळा अधूच राहिला, हाताला कंप आला. ते एका नव्या बहुमजली इमारतीवर चौकीदार झाले. ड्यूटी संपली की ते कधीकधी क्लासच्या जिन्यात येऊन बसत. आत येत नसत. सरही बाहेर जात नसत. चहा आला की मात्र एक कप जिन्यात जायचा. दोघांत बोलणं असं नव्हतंच, म्हणून कानाची गोष्ट लपून राहायला काही अडचण आली नाही.

काही वर्षांनी मोठमोठ्या कंपन्यांचे गारेगार क्लास निघाले आणि खडूच्या रिंगणात फिरायला मुलं येईनाशी झाली. सरांनी क्लास आवरला आणि नागपूरला मुलीकडे जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मी मदतीला गेले होते, सरोज रजा घेऊन आली होती. त्या मारामारीनंतर नामदेव पहिल्यांदाच आत आले. या वेळी चपला बाहेर काढून. जड मशीन त्यांनी आणि सरांनी मिळून एकेक करून खाली उतरवल्या, एकाने पुढून धरायचं, एकाने मागून. शेवटची मशीन टेंपोत ठेवून दोघे तिथेच टेकले, शेजारी शेजारी, धापा टाकत. नामदेव सरांच्या डाव्या हाताला बसले होते.

बराच वेळ ते आपल्या हाताकडे बघत होते. मग मान न वळवता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, त्या दिवशी... फार जोरात लागली होती का हो?"

सर समोर रस्त्याकडे बघत राहिले. मी सरोजकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते.

नामदेवांनी जरा वाट पाहिली. उत्तर येत नाही हे पाहून त्यांची मान खाली गेली. तेवढ्यात सरांना शेजारी काहीतरी हललेलं जाणवलं असावं. ते वळले, सगळेच्या सगळे, उजवा कान पुढे येईल असे.

"काही म्हणालास का, नामदेव?"

"नाही," नामदेव म्हणाले. "दोरी आवळतो म्हटलं. रस्ता खराब आहे."